चंद्रावरचं घर आणि कारखान्याची राख

भाजी घ्यायला गेले की अजूनही एखादा माणूस मला थांबवतो. "मॅडम, ते चंद्रावरचं घर तुमीच बांधलं न्हवं?"

मी सांगते की बांधलं नाही. मुलांनी त्याचं डिझाइन केलं, मॉडेल केलं, मी फक्त शिकवत होते. माणूस हिरमुसतो. मग पिशवी या हातातून त्या हातात घेत हळूच विचारतो, "पण तिथल्या जागा एन.ए. झाल्यात का?" एका गृहस्थांनी तर मला बाजूला घेऊन कोपऱ्यावरचा प्लॉट मिळेल का, अशी चौकशी केली होती. चंद्र गोल आहे, त्याला कोपरा नसतो, असं मी त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. आतल्या लोकांसाठी राखून ठेवला असेल, अशा नजरेनं माझ्याकडे बघत ते गेले.

या अंकाच्या संपादकांनी मला माझ्या इमारतींविषयी लिहायला सांगितलं होतं. अडचण अशी की मी आयुष्यभर आर्किटेक्चर शिकवलं, आणि शिकवणाऱ्याच्या इमारती टेबलावरच उभ्या राहतात. माझ्या देखरेखीखाली कितीतरी दवाखाने, एस.टी. स्टँड, वाचनालयं आणि एक विमानतळ झाला. वर्ष संपलं की शिपाई ते सगळं रद्दीत घालायचा. विमानतळ तेवढा त्यानं घरी नेला, मुलीला बाहुल्या ठेवायला.

आमच्या कामाविषयी लोकांचा समज असा की आम्ही एकतर वास्तुशास्त्र सांगतो, नाहीतर चित्रं काढतो. चित्र काढणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. खरी परीक्षा 'सेक्शन'मध्ये. सेक्शन म्हणजे कलिंगड उभं कापतात तसं घर कापून दाखवायचं. बाहेरून घर कितीही देखणं असू दे, कापलं की कळतं की जिन्यात डोकं आपटतंय आणि संडासाचं पाणी बैठकीच्या छतावरून चाललंय. मुलं सुंदर चित्र घेऊन यायची आणि मी म्हणायची, "कापून दाखवा." आमच्या कॉलेजात पाटील मॅडम तिघी होत्या, त्यामुळे मुलांनी माझं नाव 'सेक्शनवाल्या पाटील मॅडम' ठेवलं होतं. दुसऱ्या दोघींना काय म्हणायचे ते इथं लिहीत नाही.

कॉलेज आबासाहेबांचं. आबासाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांचा साखर कारखाना होता, दूधसंघ होता, पतसंस्था होती आणि आम्ही होतो. महत्त्वाचा क्रमही तोच.

आपलं यान चंद्रावर उतरलं तेव्हा आमच्या प्राचार्यांनी पेढे वाटले होते, जणू यान आमच्या पार्किंगमधूनच सुटलं होतं. पुढं आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांसाठी देशपातळीवरची एक स्पर्धा जाहीर झाली. विषय होता, चंद्रावर माणसं दीर्घकाळ राहतील असं घर. प्राचार्यांनी लगेच सूचना काढली. शेवटच्या वर्षातल्या तिघांनी नाव दिलं, आणि मार्गदर्शक म्हणून ते माझ्या गळ्यात आले.

तन्मय सांगलीचाच, सराफाचा मुलगा. कॉम्प्युटरवर तो अशी चित्रं करायचा की कुपवाडातलं गोदामही परदेशातलं वाटावं. रणजित वाळव्याकडचा, घरी ऊस, आणि पिढीत एक तरी माणूस फौजेत. बोलायचा कमी, पण हातात कटर दिला की त्याच्यासारखं मॉडेल कुणी करत नसे. आणि अश्विनी कोयनानगरची. तिचे वडील तिथल्या वसाहतीत नोकरीला. मुलगी हुशार, हट्टी, आणि तोंडानं जरा तिखट.

तिघांचा पहिला आराखडा तन्मयनं दिमाखात भिंतीवर दाखवला. काचेचा प्रचंड घुमट. आत हिरवळ, पोहण्याचा तलाव, झुला, मधोमध तुळशीवृंदावन. वर निळी पृथ्वी.

"सुंदर आहे," मी म्हणाले. "यात हवा कुठून येते?"

"ए.सी. आहे ना मॅडम."

"ए.सी. हवा गार करतो, तन्मय. हवा बनवत नाही."

रणजित खाली बघून हसला. अश्विनी उघड हसली. मग मी नेहमीचं वाक्य म्हणाले आणि सगळे कामाला लागले.

बाहेरच्या माणसाला सांगायचं तर प्रश्न असा आहे. पृथ्वीवर छताला एकच ध्यास असतो, खाली पडण्याचा. पाच वर्षं आम्ही मुलांना ते वर धरून ठेवायला शिकवतो. चंद्रावर सगळं उलटं. बाहेर हवा नाही, आत भरलेली. त्यामुळे घर फुग्यासारखं फुगायला बघतं. छत पडायची भीती कमी, उडायची जास्त. त्यात पंधरवड्याचा दिवस आणि पंधरवड्याची रात्र. दिवसा तवा तापावा तसं तापायचं, रात्री कल्पनेपलीकडचं गारठायचं. वरून बारीक दगडांचा आणि घातक किरणांचा मारा, कारण अडवायला आभाळच नाही. या सगळ्यावर सोपा उपाय एकच, घरावर भरपूर माती लोटायची. माती घराला दाबून धरते, ऊन-थंडी अडवते, मारा झेलते.

"म्हणजे मॅडम," तन्मय हळूहळू म्हणाला, "बाहेरून काय दिसणार?"

"माती."

"फक्त?"

"फक्त."

घरात कुणी गेल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

अश्विनीला मात्र चेव आला. चंद्रालाही भूकंपासारखे धक्के बसतात, आणि बसले की बराच वेळ थांबत नाहीत, हे तिनं वाचलं तेव्हा तिला परमुलखात माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. "आमच्याकडं धक्का बसला की आई आधी गॅस बंद करते, मग बाहेर पळते," ती म्हणाली. "पाहुणे असतात ते आधी पळतात आणि मग चहाचं विचारतात." तिनं तो प्रचंड घुमट मोडून वेगवेगळ्या खोल्या केल्या. खोल्यांच्या मध्ये पेटीच्या भात्यासारखे लवचिक जोड, म्हणजे एक हलली तर दुसरीला ओढणार नाही. प्रत्येक खोलीतून बाहेर पडायला दोन वाटा. फळ्यांना कड, वस्तू घसरू नये म्हणून. मी कापायला सांगायच्या आधीच ती कापून आणायची. अशी विद्यार्थिनी नशिबानं मिळते आणि तिला सांभाळताना नाकी नऊ येतात.

पण त्या घरात माणसं कशी राहतील, याचा पत्ता लागत नव्हता. सगळ्यांसाठी एकच मोठा हॉल, मिळूनमिसळून राहा, गाणी म्हणा, असा बेत होता. सहलीला गेलेल्या मुलांना सुचेल तसाच. तेव्हा रणजित म्हणाला, "मॅडम, आमच्या नानांना बोलवू? त्यांनी बर्फात अख्खा हिवाळा काढलाय."

नाना म्हणजे त्याचे चुलते, निवृत्त सुभेदार. ते आले कडक इस्त्रीच्या शर्टात, मिशा पिळून. एक तासभर त्यांनी जे सांगितलं त्यावरून असं वाटलं की त्या हिवाळ्यात हिमालय त्यांनी एकट्यानं धरून ठेवला होता. बाकीची पलटण फक्त चहा करत होती. मुलांनी वह्या मिटल्या. शेवटी अश्विनीनं विचारलं, "नाना, भांडणं कशावरनं व्हायची?"

"भांडणं? फौजेत? छ्या!"

"कधीच न्हाई?"

नाना थोडा वेळ मिशीशी खेळत राहिले. "एक हुता. पाटणचा. लय जिगरी माझा. पर शिट्टी वाजवायचा. एकच गाणं, तेबी अर्धंच. पुढचं त्याला येतच नव्हतं."

"मग?"

"मग काय? पत्र्याच्या त्या खोपटात जाणार कुटं? एक दिवस बोलायचं सोडलं मी त्याच्याशी. बर्फ वितळंपत्तोर बोललो न्हाई." त्यांनी मिशी सोडली. "आजून न्हाई बोलत."

"आजून?" रणजितच दचकला. त्यालाही हे ठाऊक नव्हतं.

"पोराच्या लग्नाला बोलावलं हुतं त्यानं. न्हाई गेलो." मग एकदम उठून उभे राहत, "चला, मला सहाची एस.टी. गाठायची हाय," असं म्हणून नाना निघूनही गेले. हिमालय धरून ठेवणारा माणूस जिना उतरताना एकदम म्हातारा दिसला.

मुलांनी मिटलेल्या वह्या पुन्हा उघडल्या. दुसऱ्या दिवशी नवा आराखडा आला. मोठा हॉल आक्रसला होता. प्रत्येक माणसाला लहान का होईना स्वतःची खोली, स्वतःचं दार, आणि दोन खोल्यांमध्ये आवाज गिळणारी जाड भिंत. कोपऱ्यात अश्विनीनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'शिट्टीसाठी'. मी ते खोडू दिलं नाही.

आराखडा अहमदाबादच्या अंतिम फेरीसाठी निवडला गेला. मग मॉडेल. अर्धं घर मातीखाली झाकलेलं आणि अर्धं कापून उघडं, असं ते करायचं होतं. गोलाकार अॅक्रिलिक वाकवून घ्यायला तिघं गाड्यांवरून कुपवाडला, दुकानांच्या पाट्या करणाऱ्या एका कारखान्यात गेली. मालकानं आराखडा उलटासुलटा करून पाहिला.

"गोबरगॅसचं हाय व्हय?"

"चंद्रावरचं घर आहे," तन्मय दुखावून म्हणाला.

"आसंल. पर गोबरगॅसच दिसतोय."

ते नाव चिकटलं. आमच्या स्टाफरूममध्येही पुढं 'गोबरगॅस कुठवर आला?' असंच विचारत. अश्विनीला त्याचं काही वाटलं नाही. त्या घरात मलमूत्राचंही पाणी आणि खत करायची सोय तिनं केली होती, त्यामुळे तो माणूस अगदीच चुकीचं बोलला नव्हता.

चंद्राच्या मातीसाठी त्यांनी सिमेंट, खडूची पूड, भुकटी केलेली विटकर असं काय काय करून पाहिलं. कशाचाच रंग जमेना. शेवटी रणजितनं खताच्या पोत्यातून साखर कारखान्याच्या बॉयलरची राख आणली. करडी, मऊ, बरोबर फोटोतल्यासारखी. कारखाना अर्थातच आबासाहेबांचा. ती राख गोंदानं चिकटवायला अश्विनी तयार होईना. माती ओतली की ती आपल्या उताराने जशी बसते, तशीच दिसली पाहिजे, हा तिचा आग्रह. मला तो बरोबर वाटला. राख मोकळीच राहिली.

आबासाहेबांचा वाढदिवस जवळ आला होता. त्या दिवशी आपल्या विद्यार्थ्यांच्या चंद्रावरच्या घराचं अनावरण त्यांच्याच हस्ते करायचं, असं प्राचार्यांनी मनाशी ठरवलं होतं. त्याआधी एकदा बघून घ्यावं म्हणून आबासाहेब आमच्या स्टुडिओत आले. मागे माणसांचा ताफा. त्यांनी मॉडेलला एक फेरी मारली. दुसरी मारली.

"ह्यात घर कुटं हाय?"

"आत आहे, साहेब," कापलेली बाजू दाखवत अश्विनी म्हणाली.

"भायेरनं दिसत न्हाई त्ये."

"दिसायचं नाहीच. वरून माती पाहिजे, नाहीतर माणसं जगणार नाहीत."

"आन् खिडक्या?"

"खिडकी ठेवली तर तिथून मारा आत येतो. म्हणून नाहीत."

आबासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, एवढा चंद्रावर गेला माणूस, आन् खिडकीतनं बघायचंबी न्हाई? मग गेला कशाला त्यो? उकिरड्यात तोंड घालून बसायला?"

ताफा हसला. प्राचार्य सगळ्यात मोठ्यानं हसले. "काचेचा घुमट बसवून टाकू, साहेब," ते म्हणाले. "लायटिंग करू. पुढं स्वागत कमान, कमानीवर आपला फोटो. आणि ही माती काढू. कसली माती आहे रे ही?"

"राख आहे सर," रणजित प्रामाणिकपणे म्हणाला. "कारखान्याची."

प्राचार्यांचं हसू विझलं. "वाढदिवसाला राख?"

ते गेल्यावर अश्विनी इतकी भडकली होती की तिच्या हातातून कटर काढून घ्यावा लागला. "उकिरडा म्हणाले, मॅडम! आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"मी विचार करत होते," मी म्हणाले. "प्रश्न बरोबर होता."

"कोणता?"

"मग गेला कशाला, हा."

ती रागारागानं निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन तिनं न बोलता सेक्शनवर एक वाकडी नळी काढली. मातीच्या थरातून वळण घेत वर जाणारी, वळणावर आरसे बसवलेली. उजेड आरशांवरून वळत आत येईल, सरळ येणारा मारा मातीत अडकेल, आणि घरातल्या माणसाला बसल्या जागी पृथ्वी दिसेल. आमच्या प्रकल्पातली सगळ्यात चांगली गोष्ट अशा तऱ्हेनं, ज्यांना मी आयुष्यभर मनातल्या मनात हसत आले त्या आबासाहेबांच्या तोंडून निघाली. हे मान्य करायला मला बरेच दिवस लागले.

घुमटाचं संकट मात्र कायम होतं. तन्मयला त्यात गैर काही वाटत नव्हतं. आबासाहेबांनी जाताना त्याच्या पाठीवर थाप मारून, "पोरा, शिक्षण झालं की आमच्या बांधकामाच्या ऑफिसात ये," असं म्हटलं होतं. अश्विनीनं त्याला सगळ्यांसमोर 'फ्लेक्सवाला' म्हटलं. तन्मयनं तिला 'गोबरगॅस' म्हटलं. त्यानंतर दोघं एकमेकांशी रणजितमार्फत बोलू लागले. एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून, "तिला सांग पट्टी दे," असं चालायचं. माणसांनी भांडू नये असं घर करणाऱ्यांना एक टेबल पुरेना.

तोडगा रणजितनं काढला. "घुमट वरनं टोपासारखा करू," तो म्हणाला. "समारंभापुरता ठेवायचा, झाला की काढायचा. नवरदेवाला फेटा बांधला म्हणून नवरदेव बदलत न्हाई."

अश्विनी रणजितकडे वळली. "आतल्याला हात लावायचा न्हाई."

"तिला सांग, नाही लावणार," तन्मय म्हणाला.

वाढदिवसाला मैदानात मंडप पडला. पुण्याहून एक बडे नेते आले होते. स्टेजवर मॉडेल, त्यावर तन्मयचा घुमट, आत निळे-जांभळे दिवे, पुढं कमान आणि कमानीवर हात जोडलेले आबासाहेब. खरं सांगायचं तर देखणं दिसत होतं. उकाडा फार होता, म्हणून नेत्यांच्या अंगावर वारा येईल असा उभा मोठा पंखा लावला होता.

आबासाहेबांनी फीत कापली. टाळ्या झाल्या. तिथंच थांबायला हवं होतं. पण सकाळीच तन्मयनं त्यांना सांगून ठेवलं होतं, की साहेब, तुमच्या प्रश्नावरून आतमध्ये आरशाची खिडकी केली आहे. म्हाताऱ्याला ते लहान मुलासारखं आवडलं होतं. त्यांनी नेत्यांचा हात धरला. "या, तुमाला माझी खिडकी दावतो," असं म्हणून कुणी पुढं व्हायच्या आत त्यांनी दोन्ही हातांनी घुमट उचलला.

पंख्यानं आपलं काम केलं.

मी आयुष्यात इतकी सावकाश घडलेली गोष्ट पाहिली नाही. राखेचा एक लोट उठला, नेत्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर बसला, आबासाहेबांच्या फेट्यावर, मिशीवर, पापण्यांवर बसला. प्राचार्यांच्या कोटावर बसला. निवेदकाचं मान वर करून बघायचं राहून गेलं होतं, तो कागदावरून वाचतच होता, "आणि हा ऐतिहासिक क्षण आपण डोळ्यांत साठवून ठेवूया." मागच्या रांगांतली मुलं हसायला लागली. पुढच्या रांगांतल्या माणसांनी मोबाइल काढले.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी तिघांना आणि मला बोलावलं. अंतिम फेरीसाठी अहमदाबादला जायची परवानगी रद्द. साहेब प्रचंड रागावले आहेत. राख मोकळी ठेवायची ही अश्विनीची कल्पना होती, तेव्हा तिनं तसं लिहून द्यावं आणि बाकी दोघांनी खाली सही करावी. मग संस्था काय तो विचार करेल.

अश्विनी पांढरी पडली. तिखट मुलगी, पण घरी वडिलांना हे कसं सांगायचं, एवढंच तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तन्मय म्हणाला, "राख तिघांनी ओतली, सर. घुमट मी केला. पंख्याकडं माझंच लक्ष हवं होतं."

"तू कशाला मध्ये पडतोस? तुझं आहे सगळं व्यवस्थित."

"सही नाही करणार, सर."

कित्येक दिवसांनी अश्विनीनं त्याच्याकडे सरळ पाहिलं.

मी प्राचार्यांशी वाद घातला नाही. तिघांना गाडीत घातलं आणि थेट आबासाहेबांच्या बंगल्यावर नेलं. ते व्हरांड्यात बसून पेपर वाचत होते. पहिल्या पानावर त्यांचाच करडा फोटो होता. मुलांनी माफी मागितली. मी परवानगीविषयी विचारलं.

"रद्द? कुनी केली रद्द?"

"प्राचार्य म्हणाले, तुम्ही फार रागावलात."

"मी?" आबासाहेबांनी चष्मा काढला. "आवं, मी रागावलोय म्हणून मला तरी कळवायचं!"

मग त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "राखंचं काय न्हाई. माझ्याच कारखान्याची हाय, तिच्यात निम्मं आयुष्य गेलं. डोळं मिटल्यालं आल्यात, त्याचं वाईट वाटलं." अश्विनीकडे वळून म्हणाले, "खिडकी राह्यलीया ना नीट?"

"हो, साहेब."

"जावा मग. आन् त्यो काचंचा घुमट कॉलेजात दारातच ठेवा. लोकांस्नी तेवढंच कळतंय."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते चेष्टा करत नव्हते. आपल्या लोकांना ते माझ्यापेक्षा बरे ओळखत होते, आणि त्याच ओळखीवर निवडून येत होते.

अहमदाबादला गेलो. तिथं हॉलभर घुमट होते. काचेचे, चकाकणारे, एकात तर धबधबा वाहत होता. मधे आमचा राखेचा ढीग. परीक्षकांपैकी बरेच जण त्याला वळसा घालून गेले. एक वयस्क इंजिनिअर बाई थांबल्या. त्यांनी वाकून आरशांच्या नळीला डोळा लावला आणि तशाच बराच वेळ राहिल्या. रणजितनं समोरच्या भिंतीवर पृथ्वीचं चित्र लावलं होतं, ते त्यांना आतून दिसत होतं.

"ही कल्पना कुणाची?" त्यांनी विचारलं.

आता अश्विनी काय सांगते, याकडे आम्ही सगळे बघत होतो.

"आमच्या अध्यक्षांनी विचारलं होतं," ती म्हणाली, "की बघायला मिळणार नसेल तर माणूस गेला कशाला."

पहिलं बक्षीस धबधब्याला मिळालं. आम्हाला विशेष उल्लेख. प्रशस्तिपत्रात सांगलीचं स्पेलिंग चुकलं होतं. परत आलो तर कॉलेजच्या दारात फ्लेक्स लागला होता. अंतराळवीराच्या पोशाखात आबासाहेब, आणि खाली पोस्टाच्या तिकिटाएवढी तीन मुलं. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला, 'सांगलीचे विद्यार्थी चंद्रावर'. तेव्हापासून मला भाजीबाजारात प्लॉट विचारतात.

घुमट दर्शनी भागात काचेच्या पेटीत बसला. खरं मॉडेल पुढच्या तपासणी समितीच्या वेळी टेबल रिकामं हवं म्हणून मोडलं. मी रजेवर होते. राख नारळाच्या बुंध्यात ओतली, असं शिपायानं सांगितलं. मला त्याचं आजही वाईट वाटतं. आयुष्यभर कागदावरच्या इमारती रद्दीत जाताना पाहिल्या, त्यातली ही एक मी वाचवायला हवी होती.

तन्मय आबासाहेबांच्या ऑफिसात गेला नाही. पुण्यात बिल्डरांसाठी चित्रं करतो आणि त्याविषयी फारसं बोलत नाही. रणजित गावाकडे बंगले बांधतो. अश्विनी जुन्या शाळा भूकंपाला टिकतील अशा दुरुस्त करणाऱ्या एका ऑफिसात आहे. पाटणच्या बाजूला काम असलं की येताजाता मला भेटते. तिच्या शाळांचे फोटो कुठं छापून येत नाहीत. भिंत पडली नाही, ही बातमी होत नाही.

परवा कामानिमित्त कॉलेजात गेले होते. नवे प्राचार्य एका पालकांना आणि त्यांच्या मुलीला प्रवेशासाठी कॉलेज दाखवत होते. घुमटापाशी थांबून म्हणाले, "हे आमचं चंद्रावरचं घर. राष्ट्रीय पातळीवर गौरव झालेलं. या मॅडमच मार्गदर्शक होत्या."

मुलगी पेटीला नाक लावून आत बघत होती. "मॅडम, ह्यात माणसं झोपतात कुठं? खोली तर एकबी दिसत न्हाई."

"झोपत नाहीत," मी म्हणाले. "हा नुसता टोप आहे. आतलं घर मोडून टाकलं."

प्राचार्य खोकले. वडील गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. साधा माणूस होता, मिरजेकडचा शेतकरी. "मग मॅडम, पोरीला हितं घालावं का नको?"

"घाला," मी म्हणाले. "कुठं झोपतात विचारणारी मुलगी आहे, तिचं चांगलं होईल. आणि या घुमटात कुणाला राहायचं नाहीये, त्यामुळे तो कसाही असला तरी बिघडत नाही. हॉस्टेल तेवढं आधी बघून घ्या. ते अध्यक्षांच्या मेव्हण्यांनी बांधलंय."

बाप-लेक लगेच हॉस्टेलच्या दिशेनं निघाले, आणि प्राचार्य त्यांच्यामागे धावले.